मदत हवी आहे: स्वित्झर्लंडच्या फोटोंचा क्रम पार विस्कटलाय

जूनमधल्या कौटुंबिक सहलीचे फोटो गूगल फोटोजच्या एका अल्बममध्ये टाकलेत. दोन आयफोन, एक अँड्रॉइड, एक कॅमेरा. कॅमेऱ्यातले युंगफ्राउयोखचे सकाळचे फोटो ग्रिंडेलवाल्डच्या जेवणानंतर येतात. व्हॉट्सॲपवरून आलेले सगळे परतीच्या तारखेला गोळा झालेत. शिवाय आयफोनचे फोटो काकांच्या जुन्या लॅपटॉपवर उघडत नाहीत. नातेवाइकांना लिंक पाठवायची आहे, त्याआधी काय काय करावं?

रानवारा: कॅमेरा भारतीय वेळेवरच राहिलाय. उन्हाळ्यात स्वित्झर्लंड आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार. फोन आपोआप जुळवून घेतो, कॅमेरा नाही. म्हणून तिथला रात्री ८:४५ चा फोटो दुसऱ्या तारखेत, मध्यरात्रीनंतर १२:१५ ला जाऊन बसतो. संगणकावर गूगल फोटोज उघडा, फक्त कॅमेऱ्याचे फोटो निवडा (पहिल्यावर क्लिक, मग शिफ्ट दाबून शेवटच्यावर), तीन टिंबांच्या मेनूतून तारीख-वेळ बदला. तिथे दोन पर्याय येतात. वेळ 'सरकवण्याचा' घ्या. दुसरा घेतलात तर सगळ्या फोटोंना एकच वेळ लागेल.

गवाक्ष: सरकवण्याआधी नेमका फरक काढा, कॅमेऱ्याची घड्याळं दोन-चार मिनिटं पुढेमागे असतातच. रेल्वे फलाटावरचं घड्याळ दिसणारा एखादा फोटो शोधा, स्विस स्थानकांवर तो हमखास सापडतो. घड्याळात १०:०५ आणि फोटोच्या माहितीत १३:३९ असेल, तर ३ तास ३४ मिनिटं मागे घ्या.
आणि हा बदल गूगलपुरताच राहतो. फोटो उतरवून घेतलात की फाइलमध्ये जुनीच वेळ. हार्ड डिस्कवरचा संग्रह नीट हवा असेल तर डिजिकॅम हा फोटो सांभाळायचा संगणक-प्रोग्राम वापरा, फुकट आहे. मात्र आधी प्रत काढून त्या प्रतीवरच काम करा.

खिडकीजवळची_सीट: व्हॉट्सॲपवाल्यांवर वेळ घालवू नका. नावात 'डब्ल्यूए' असलेल्या फाइलींचा आकार कमी झालेला असतो आणि टिपल्याची वेळ पुसली गेलेली असते. 'एचडी' निवडूनही फोटो दाबला जातोच. मूळ फोटो परत मागवा, पण 'डॉक्युमेंट' म्हणून. त्याहून बरं म्हणजे अल्बममध्ये इतरांना फोटो टाकायची परवानगी द्या, ज्याचे त्याने चढवावेत. फुकटची १५ जीबी जागा जीमेल आणि ड्राइव्हसकट मोजतात, तेवढं बघून घ्या.

आयफोनचं म्हणाल तर ते हेइक (HEIC) फाइलींमुळे, आयफोन फोटो याच प्रकारात साठवतो आणि जुन्या संगणकांना तो उघडता येत नाही. सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स इथे 'मोस्ट कम्पॅटिबल' केलं की पुढचे फोटो जेपेग होतील. काढलेल्यांसाठी फोटोजच्या सेटिंगमध्ये अगदी खाली संगणकावर पाठवण्याचा पर्याय 'ऑटोमॅटिक' ठेवा आणि केबलने उतरवा, वाटेतच रूपांतर होतं.

धागाकर्ता: इंटरलाकेन ओस्टच्या फलाटाचा फोटो सापडला, फरक ३ तास २८ मिनिटं. क्रम जुळला! लिंक मोठ्या ग्रुपवर टाकली तर ठिकाणं दिसतील का?

रानवारा: अल्बमच्या पर्यायांत 'फोटोचं ठिकाण' बंद करा. मुंबईत घरी बॅगा भरतानाचे फोटो असतील तर ते काढूनच टाका, पत्ता तिथूनच कळतो.