अनुभव धागा : ‘इओ कॅपितानो’ आणि डकार ते सिसिलीची वाट

मात्तेओ गारोने यांचा ‘इओ कॅपितानो’ (२०२३) पाहून बाहेर पडताना बहुतेकांच्या मनात एकच प्रश्न असतो : हे खरंच असं घडतं का? सेनेगलची राजधानी डकार इथले सेदू आणि मुसा, वय वर्षं सोळा, घरी न सांगता निघतात. माली, नायजर, सहारा, लिबियातली कोठडी आणि शेवटी अडीचशे माणसांनी भरलेली गंजकी बोट. सुकाणू सेदूच्या हातात. त्यानं आयुष्यात बोट चालवलेली नाही.

अभिनय, छायाचित्रण, व्हेनिसमधला रौप्यसिंह, ऑस्करचं नामांकन यांवर पुष्कळ लिहून झालंय. इथं ज्यांना या वाटेची, समुद्राची, औषधाची, कायद्याची जाण आहे, त्यांनी आपल्या कामाशी जोडलेला एखादा प्रसंग उलगडून सांगावा. नेमकं लिहा. काय लागतं, काय बिघडतं, का बिघडतं.

पश्चिम आफ्रिकेत मालवाहतूक पाहणारे

पहिली गोष्ट, डकारपासून नायजरमधल्या आगाडेझपर्यंतचा प्रवास मुळात बेकायदा नाही. इकोवास या पश्चिम आफ्रिकी देशांच्या आर्थिक समूहाच्या १९७९च्या कराराप्रमाणे सदस्य देशांच्या नागरिकांना ९० दिवस व्हिसाशिवाय फिरता येतं. ओळख पटवणारा प्रवासाचा कागद आणि पिवळ्या तापाच्या लशीचं पिवळं कार्ड एवढंच लागतं. व्यवहारात प्रत्येक नाक्यावर त्या कार्डात किंवा कागदात काहीतरी खोट निघते आणि पैसे मोजावे लागतात. (जानेवारी २०२५मध्ये माली, नायजर, बुर्किना फासो इकोवासमधून बाहेर पडले. चित्रपटातला काळ त्याआधीचा.)

मग ही मुलं मालीचा खोटा पासपोर्ट का विकत घेतात? माली पासपोर्टाला या वाटेवर भाव असायचा, कारण माली नागरिकांना अल्जीरियात व्हिसा लागत नसे. दुकानात बसून काढलेल्या फोटोतला शर्ट आणि अंगावरचा शर्ट एकच, हे नाक्यावरच्या शिपायाला दिसतं तो प्रसंग फार बरोबर पकडलाय. खोटा कागद ओळखला जाणं म्हणजे तिथं अटक नसते, ती फक्त लाचेचा दर वाढल्याची सूचना असते.

आता आगाडेझ. मातीच्या सत्तावीस मीटर उंच मिनाराचं हे जुनं व्यापारी शहर. जुना भाग २०१३पासून जागतिक वारसा यादीत आहे. इथं भिंतीआडच्या वाड्यांत माणसं राष्ट्रीयत्वानुसार ठेवतात, त्या जागेला सगळे ‘गेटो’ म्हणतात. गिऱ्हाईक आणणारा दलाल म्हणजे ‘कॉक्सेर’. पुढं टोयोटा हायलक्स ही मागं उघडी गाडी. भरण्याचा क्रम ठरलेला : तळाला डिझेलचे आणि पाण्याचे कॅन, त्यावर बोचकी, त्यावर पंचवीस ते तीस माणसं. कडेला बसणाऱ्यांचे पाय बाहेर लोंबतात. दोन पायांच्या मधे सामानात एक जाड दांडकं खोचलेलं असतं, तेवढाच आधार. प्रत्येकाचा पाण्याचा कॅन गोणपाटात शिवून, वर नाव लिहून, गाडीच्या बाजूला टांगतात. गोणपाट ओलं केलं की पाणी जरा गार राहतं. आपल्याकडच्या पखालीचं तेच तत्त्व.

चित्रपटात माणूस पडतो आणि गाडी थांबत नाही. निर्दयपणा आहेच, पण आणखीही कारण आहे. एवढ्या वजनाची गाडी मऊ वाळूत वेग घालवून बसली की रुतते, आणि पाठीमागं गस्त किंवा लुटारू असण्याची धास्ती कायम. पडणारा बहुधा झोपेनं पडतो. डुलकी लागली की दांडक्यावरची पकड सुटते.

एका कायद्यानं काय झालं तेही सांगितलं पाहिजे. पूर्वी दर सोमवारी लष्कराच्या तुकडीमागून गाड्यांचा तांडा लिबियाच्या वाटेवरच्या दिर्कू गावाकडे निघायचा. नायजरनं २०१५ साली ही वाहतूक गुन्हा ठरवली, २०१६पासून गाड्या जप्त होऊ लागल्या. माणसं जायची थांबली नाहीत. चालक विहिरींची मळलेली वाट सोडून आडवाटेनं जाऊ लागले. विहिरींवरच गस्त असायची ना! आडवाटेवर पट्टा तुटला, चाक फुटलं तर मागून दुसरी गाडी येत नाही. नोव्हेंबर २०२३मध्ये नायजरच्या लष्करी राजवटीनं तो कायदा रद्द केला.

आपत्कालीन विभागातील डॉक्टर

वरच्या पाण्याच्या कॅनचा हिशोब करू. चाळीस अंशांत उघड्यावर नुसतं बसलेल्या माणसालाही दिवसाला पाच-सहा लिटर लागतं, चालत असेल तर दहापर्यंत. तीन दिवसांच्या बोलीवर दहा लिटर घेतलेला माणूस पहिल्या दिवसापासूनच तुटीत असतो. चौथा दिवस उजाडला की गोंधळ सुरू होतो : जीभ जड, लघवी जवळजवळ बंद, माणूस भलतीकडे चालू लागतो, नसलेलं दिसू लागतं. वाळवंटात मागे राहिलेली बाई सेदूचा हात धरून हवेत तरंगत येते, ते दृश्य दिग्दर्शकानं स्वप्न म्हणून रचलं असेल. वैद्यकीयदृष्ट्या त्या अवस्थेत तसं दिसणं अजिबात अशक्य नाही.

समुद्रावर उलटा मोह : पाणी चहूकडे. भूमध्य समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३८ ग्रॅम मीठ असतं. मूत्रपिंड एवढं तीव्र मीठ बाहेर टाकू शकत नाही, त्यामुळं प्यायलेल्या प्रत्येक पेल्यामागं शरीरातलंच पाणी जास्त खर्च होतं.

चित्रपटात न आलेली एक इजा सांगते, कारण रबरी बोटींवर ती सर्रास होते. पेट्रोल कॅनमधून टाकीत ओतताना सांडतं, तळात साठलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगतं. बायका-मुलांना सुरक्षित म्हणून मधे, तळाशी बसवलेलं असतं. त्या मिश्रणात कपडे तासन्‌तास भिजतात आणि मांड्या, पार्श्वभाग, पाठ यांची कातडी जळते. जळतंय हे सुरुवातीला कळत नाही, वर घेतल्यावर वेदना सुरू होते. इथं मदत करणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे ओल्या कपड्यांवरच ब्लँकेट गुंडाळणं. त्यानं पेट्रोल आणखी दाबून बसतं. आधी सगळे कपडे काढायचे (बायकांसाठी आडोसा करून), गोड्या पाण्यानं आणि साबणानं निदान वीस मिनिटं धुवायचं, मग कोरडं पांघरूण. आसपास काडी ओढायची नाही.

आणि इंजिनखोली. सेदूच्या बोटीवर खाली कोंडलेली माणसं गुदमरतात, हे पूर्ण खरं आहे. धूर बाहेर नेणारा पाइप गळका, झाकण वरच्या माणसांच्या वजनानं बंद. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस डोकं दुखतंय म्हणतो आणि झोपतो. ऑगस्ट २०१५मध्ये एकाच लाकडी बोटीच्या तळात पन्नासच्या आसपास मृतदेह सापडले होते. आधी झाकण उघडा, इंजिन बंद करा, मग माणूस काढायला उतरा. उलट केलं तर उतरणाराही तिथंच पडतो.

मर्चंट नेव्ही, चीफ ऑफिसर (रत्नागिरी)

कोकणातली किती मुलं या समुद्रातून जाणाऱ्या टँकरवर आणि कंटेनर जहाजांवर आहेत! त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो.

अंतर : पश्चिम लिबियाच्या किनाऱ्यापासून इटलीचं लाम्पेदूझा बेट जवळजवळ सरळ उत्तरेला, १६० सागरी मैल, म्हणजे २९०-३०० किलोमीटर. पाच नॉट (तासाला पाच सागरी मैल) वेग धरला तर बत्तीस तास, तेही दिशा न चुकता. रबरी बोटीला ४० अश्वशक्तीचं, मागं बाहेरून लावलेलं एक आउटबोर्ड इंजिन आणि शंभरावर माणसं असली की पाच नॉटही मिळत नाहीत. तस्कर स्वतः बसत नाही. प्रवाशांतल्याच एकाला इंजिन, दुसऱ्याला होकायंत्र देतो. पैसे कमी पडलेला, नाहीतर वयानं लहान मुलगा निवडतो. होकायंत्र धरणाऱ्याला कुणी सांगत नाही की बाजूला लोखंडी टाकी, मोबाइल, इंजिनाचं झाकण असेल तर सुई सरकते. दहा अंश चुकलात तर १६० मैलांवर २८ मैल बाजूला जाता. लाम्पेदूझा लांबीला दहा-अकरा किलोमीटरचं बेट, ते दिसणारच नाही.

रात्री समुद्रातल्या बूरी तेलक्षेत्राच्या ज्वाळा लांबून दिसतात. तस्कर सांगतात, त्या दिव्यांकडे जा. पुष्कळांना वाटतं युरोप आला. ते लिबियाच्या किनाऱ्यापासून जेमतेम सव्वाशे किलोमीटरवर असतं.

आता जवळ जाणाऱ्या जहाजानं काय करायचं. आंतरराष्ट्रीय सागरी कायद्यानं (सोलास हा समुद्रावरील जीवरक्षेचा करार, प्रकरण पाच, नियम ३३) संकटातल्या माणसाला वाचवणं कप्तानाचं कर्तव्य आहे, तो कुठला, कागद आहेत का, हे विचारायचं नसतं. पहिलं काम बचाव केंद्राला वेळ आणि स्थान कळवून नोंद करणं. दुसरं, थेट जवळ जायचं नाही. मोठं जहाज दिसलं की सगळे उठून एका बाजूला येतात आणि बोट उलटते. एवढ्या माणसांचा भार वर, तळात हलतं पाणी, उभं राहिलं की गुरुत्वमध्य आणखी वर. खाडीतल्या होडीत दोघं उभे राहिले तरी तांडेल ओरडतो, इथं दोनशे असतात. १८ एप्रिल २०१५ला मदतीला आलेल्या मालवाहू जहाजावरच खचाखच भरलेली बोट वळून आदळली आणि उलटली. सातशेहून जास्त माणसं गेली, २८ वाचली.

म्हणून आधी लहान बचावबोट पाठवा, दोन्ही हातांनी खाली बसण्याची खूण करत. लाइफजॅकेटं आधी वाटा, पाणी नंतर. जहाज वाऱ्याच्या वरच्या अंगाला आडवं उभं करून आडोसा द्या, पण लक्षात ठेवा, रिकामं जहाज वाऱ्यानं बोटीपेक्षा वेगानं सरकतं आणि तिच्यावर चढतं. रिकाम्या टँकरची बाजू पाण्यापासून आठ-दहा मीटर उंच. दोन दिवस उपाशी, पाय आखडलेला माणूस पायलट लॅडर (बाजूला सोडलेली दोरशिडी) चढू शकत नाही, अर्ध्यात हात सोडतो. जाळं टाका, किंवा क्रेननं टोपली. थंड पाण्यातून काढलेल्याला शक्यतो आडवाच उचला. उभा उचलला की रक्तदाब कोसळतो.

नंतरची अडचण कायद्याच्या पुस्तकात नीट दिसत नाही. वीस-पंचवीस जणांच्या जहाजावर अन्न, संडास, औषध तेवढ्यांचंच. ऑगस्ट २०२०मध्ये एका डॅनिश टँकरनं माल्टाजवळ २७ जणांना घेतलं आणि त्यांना उतरवायला बंदर मिळेपर्यंत पाच आठवड्यांहून जास्त गेले. एवढं माहीत असूनही वाचवायचंच. यात दुसरं मत असू नये.

चित्रपट मंडळात भाषांतर पाहणारी

एक छोटी भर. चित्रपट मुख्यतः वोलोफ या सेनेगलच्या भाषेत आहे आणि ही निवड फार मोलाची. घरात, रस्त्यावर वोलोफ, अधिकाऱ्याशी फ्रेंच, लिबियात अरबी. उपशीर्षकं वाचताना कोण कुठल्या भाषेत बोलतोय याकडं लक्ष ठेवा. भाषा बदलली की सत्ता कुणाकडं हे कळतं. सेनेगलमध्ये समुद्रमार्गे स्पेन गाठण्याचं एक वाक्य प्रसिद्ध आहे : ‘बार्सा वाला बारसाख’, बार्सिलोना नाहीतर बर्झख. उर्दू काव्य वाचणाऱ्यांना बर्झख ओळखीचा, मृत्यू आणि कयामत यांच्या मधली जागा. ती वाट वेगळी, पिरोग नावाच्या लांब लाकडी होड्यांतून स्पेनच्या कॅनरी बेटांकडं. २०२४ साली तिकडं ४६,८४३ माणसं पोचली.

बोटबांधणीतले

वर रबरी आणि लाकडी बोटी आल्या, लोखंड राहिलं. २०२२च्या सुमारास ट्युनिशियात स्फाक्स बंदराच्या आसपास पातळ पत्र्याच्या बोटी घाईनं वेल्ड करून निघू लागल्या. लाकडी बोटीपेक्षा स्वस्त. त्यांत हवेचे बंद कप्पे नाहीत, वेल्डिंगला आतून पट्टी नाही. लाकूड पाणी भरलं तरी थोडं तरंगतं, रबराचा एखादा कप्पा तरी शाबूत राहतो. पत्र्याची बोट भरली की दगडासारखी जाते, ओरडायलाही वेळ मिळत नाही. पहिली फट बहुधा इंजिन बसवलेल्या मागच्या पाटीच्या जोडावर पडते, कारण थरथर तिथंच सर्वांत जास्त.

इटलीत स्थलांतर कायद्याचं काम करणाऱ्या

शेवटी हेलिकॉप्टर येतं आणि सेदू ओरडतो, ‘मीच कप्तान!’ चित्रपट तिथं थांबतो. कायदा तिथं सुरू होतो. अभिमानानं उच्चारलेलं ते वाक्य इटलीत कबुलीजबाब ठरतं.

धक्क्यावर उतरल्यावर पोलीस दोन-तीन प्रवाशांना विचारतात, बोट कोण चालवत होतं. हवेतून काढलेल्या फोटोत सुकाणूजवळ जो दिसतो, तो आरोपी. १९९८च्या स्थलांतर कायद्याचं कलम १२ बेकायदा प्रवेशाला मदत करणाऱ्यावर लागतं, नफा कमावला की नाही हे वेगळं. इटलीच्या दक्षिण किनाऱ्यावर कुत्रोजवळ २६ फेब्रुवारी २०२३ला बोट फुटून निदान ९४ जण गेले, त्यानंतर नवं कलम १२-बिस आलं : एकाहून अधिक मृत्यू झाले तर २० ते ३० वर्षं. खरा तस्कर तेव्हा लिबियाच्या किनाऱ्यावर पुढची बोट भरत असतो.

बचावाला दोन गोष्टी. एक, दंडसंहितेचं कलम ५४, अपरिहार्यता : बंदूक रोखून सुकाणू हातात दिलं, किंवा न धरलं असतं तर सगळे बुडाले असते. हे पहिल्याच जबाबात नोंदलं गेलं पाहिजे, नंतर सांगितलं की रचलेलं वाटतं. दोन, वय. २०१७च्या कायदा ४७प्रमाणे एकट्या आलेल्या अल्पवयीनाला सीमेवरून परत पाठवता येत नाही, आणि वयाबद्दल शंका राहिली तर तो अल्पवयीनच मानायचा. तरी चुका होतात. जन्मतारीख सांगता आली नाही की १ जानेवारी लिहितात, साल अंदाजानं. मनगटाच्या एक्स-रेवरून वय काढतात, पण ज्या तक्त्याशी ताडून पाहतात तो विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या अमेरिकी गोऱ्या मुलांवरून बनलेला, आणि दोन वर्षांपर्यंतचा फरक सहज पडतो. सोळाचा मुलगा अठराचा ठरला की बालन्यायालयाऐवजी प्रौढांच्या तुरुंगात जातो. दुभाषा वोलोफचा हवा तिथं फ्रेंचचा दिला, तर ‘मला धरायला लावलं’ आणि ‘मी धरलं’ यांतला फरक कागदावर उरत नाही.

माल्टात मार्च २०१९मध्ये हेच दिसलं. ‘एल हिब्लू’ जहाजावर वाचवलेल्या शंभराहून जास्त लोकांना लिबियात परत नेलं जातंय हे कळल्यावर गोंधळ झाला. बोलणी करायला इंग्रजी येणारी तीन मुलं पुढं आली. वयं १५, १६ आणि १९. आरोप लागला तो दहशतवादाचा.

न्यायवैद्यक विभाग

जे पोचत नाहीत त्यांच्याबद्दल लिहितो. २०१४पासून भूमध्य समुद्रात ३० हजारांहून जास्त माणसं मेली किंवा बेपत्ता झाली, आणि पुष्कळांच्या थडग्यावर फक्त क्रमांक आहे.

१८ एप्रिल २०१५ला उलटलेल्या ज्या बोटीचा वर उल्लेख आहे, ती २०१६मध्ये समुद्रतळातून काढली आणि मिलान विद्यापीठाच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेनं मृतांची ओळख पटवायला घेतली. चौदाएक वर्षांच्या एका मालीच्या मुलाच्या जाकिटात आतून शिवलेलं शाळेचं प्रगतिपुस्तक सापडलं. कुणी खिशात गावची माती बांधून आणली होती.

ओळख पटवायला डीएनए हवा असं सगळ्यांना वाटतं, पण त्यासाठी आई, वडील किंवा सख्खं भावंड नमुना द्यायला सापडावं लागतं, आणि ती माणसं गाम्बियातल्या किंवा मालीतल्या खेड्यात असतात. जिथं तो मिळत नाही तिथं दात कामी येतात. म्हणून घरच्यांकडून मागायचा फोटो पासपोर्टचा नसावा, त्यात तोंड मिटलेलं असतं. लग्नातला, फुटबॉल जिंकल्यावरचा, मित्रांनी मोबाइलवर काढलेला, ज्यात तो हसतोय आणि समोरचे वरचे दात स्पष्ट दिसतायत, असा फोटो मागायचा. दातांमधली फट, वाकडा सुळा, तुटलेला कोपरा यांवरून माणूस सापडतो. फोटो जितका अलीकडचा आणि जितका जवळून, तितका चांगला. फॉरवर्ड करत फिरलेला नको, मूळ मोबाइलमधलाच मागा, नाहीतर दातांच्या कडा पुसट होतात.