अनुभव धागा : दाराबाहेरची मांजरं आणि टेबलावरचं लिखाण

हात पुढे केला की फिस्कारणारी, पण ठरल्या वेळी ताटलीपाशी हजर होणारी भटकी मांजरं सांभाळणारे लोक लिहिणाऱ्यांत पुष्कळ आहेत. त्यांची तक्रारही बहुतेक एकच असते: मांजरांचं सगळं वेळेवर होतं, लिहायचं तेवढं राहतं, आणि बसलं तरी काही सुचत नाही. ज्यांची काही पद्धत बसली आहे त्यांनी ती इथे नेमकी लिहावी. आपली कहाणी नको. काय करायचं, किती, कधी, कुठे बिघडतं आणि का, एवढंच सांगा. मांजरांची माहितीही तितक्याच तपशिलाने येऊ द्या. अर्धवट माहितीपायी जाणारा वेळ शेवटी लिखाणाच्याच वाट्यातून कापला जातो.

पहाटवही

आधी खाण्याची वेळ बांधून घ्या. दिवसभर ताटली भरलेली ठेवली तर दिवसभर कान तिकडेच लागतात. दिवसातून एक किंवा दोन वेळा, ठरलेल्या जागी खाणं ठेवायचं आणि अर्ध्या तासाने ताटल्या उचलायच्या. थोड्याच दिवसांत मांजरं त्या वेळेला यायला शिकतात. मग रोजची हजेरी आपोआप लागते, कोण खात नाही ते लगेच दिसतं, पुढे सापळा लावायचा झाला तर तोही याच वेळेवर लावता येतो, आणि उरलेला दिवस मोकळा मिळतो.

चार किलोच्या मोठ्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी लागतात, म्हणजे कोरडं खाद्य ५५ ते ६५ ग्रॅम. पाकिटावर कॅलरीचा आकडा असतो, त्यावरून हिशेब पक्का करा. दूध पाजणाऱ्या मांजरीची भूक याच्या दुप्पट-तिप्पट असते. स्वस्त पडतं म्हणून कुत्र्यांचं खाद्य कायम देऊ नका. मांजराला टॉरिन हे पोषकद्रव्य अन्नातूनच मिळावं लागतं. ते कमी पडलं की दृष्टी जाते आणि हृदयाचे स्नायू कमकुवत होतात. गाईचं दूध बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही, हगवण लागते. कांदा-लसूण घातलेलं उरलंसुरलं तर अजिबात नको. मुंग्या चढत असतील तर पाणी भरलेल्या पसरट थाळीत ताटली ठेवा. पिण्याचं पाणी मात्र दिवसभर आणि खाण्यापासून जरा लांब.

लिखाणाची बैठक खाणं घालायच्या आधी, पाऊण तास. नंतर बसलं की डोक्यात एकच चालू राहतं: आज तो करडा का आला नाही? आधी बसलं तर ताटलीची वेळ हीच उठायची वेळ ठरते. मजकूर रंगात आला असला तरी वाक्य अर्ध्यावर ठेवून उठा. परत येऊन पहिलं काम ते वाक्य पुरं करण्याचं, त्यामुळे कोऱ्या पानासमोर बसून राहावं लागत नाही.

अर्धविराम

वेळ बांधण्याबद्दल सहमत, पण बैठक आधीच हवी असं नाही. ज्यांना सुचत नाही हीच मुख्य अडचण आहे त्यांनी खाणं घातल्यानंतर बसावं, आणि पहिली दहा मिनिटं नुकतं पाहिलेलं लिहावं. अट एकच, विशेषण वापरायचं नाही. ‘बिचारं’, ‘गोंडस’, ‘भेदरलेलं’ हे शब्द बंद. फक्त हालचाल लिहायची. उदाहरणार्थ: पुढचा डावा पाय उचलला, टेकवला नाही. कान मागे वळले, मान सरळच. एक घास तोंडात घेऊन भिंतीपर्यंत गेली, पाठ भिंतीला लावली, मग चावला.

अशा पाच ओळी लिहून झाल्यावर हात सैल होतो आणि चालू कथेतल्या माणसांच्या हालचालीही तशाच नेमक्या उतरू लागतात. प्रेरणा येईपर्यंत थांबण्यापेक्षा हे खात्रीचं. ही टिपणं हजेरीच्या वहीत मिसळू नका. हजेरीत फक्त तारीख, कोण आलं, किती खाल्लं, काही दुखणं, नसबंदी झाल्याची कानाची खूण. दोन्ही एकत्र झालं तर डॉक्टरांना हवी ती नोंद वेळेवर सापडत नाही.

जाळीदार

ज्यांना कादंबरीसारखं लांबचं काम आखायचं आहे त्यांनी आधी माद्यांची नसबंदी उरकावी. मांजरीचे गाभणपणाचे दिवस साधारण ६३ ते ६५. पिल्लू चार-पाच महिन्यांचं झालं की माजावर येऊ शकतं, आणि दूध पाजत असतानाही मांजर पुन्हा गाभण राहते. दोन माद्या तशाच राहिल्या तर वर्षभराचं वेळापत्रक कागदावरच राहील.

नसबंदीसाठी सापळा लावायच्या आदल्या दिवशीच्या ठरल्या वेळेनंतर खाणं बंद, पाणी चालू. सापळा सपाट जमिनीवर ठेवा, डगमगला की मांजर आत पाऊल टाकत नाही. तळाशी वर्तमानपत्राची घडी पसरा, पण ती पायपट्टीखाली, म्हणजे पाय पडला की दार पाडणाऱ्या पट्टीखाली, अडकायला नको, नाहीतर दार पडत नाही. उग्र वासाचं खाणं अगदी मागच्या टोकाला, पट्टीच्या पलीकडे. दारापासून आतपर्यंत दोन-चार चिमट्या पुरतात. जास्त टाकलं तर दारातच पोट भरतं. दार पडल्याबरोबर जाड चादरीने सापळा पूर्ण झाका. अंधार झाला की धडका थांबतात. उघडा राहिला तर जाळीवर आपटून नाक आणि नखं फोडून घेतात. सापळा लावून निघून जायचं नाही, दिसेल एवढ्या अंतरावर बसायचं.

त्या वेळात नवीन लिहायला जाऊ नका. छापील पानांवर पेन्सिलीने दुरुस्त्या करता येतात, कारण दर ओळीला मान वर करता येते. सापळ्याचा आणि त्यानंतरचा दिवस मुद्रितशोधन, पत्रं, नावांच्या याद्या यांसाठी धरा आणि त्या दिवशीच्या पानांचा हिशेबच ठेवू नका.

शस्त्रक्रियेनंतर बोका साधारण २४ तास आणि मांजरी ४८ तास झाकलेल्या पिंजऱ्यात, उबदार, शांत खोलीत. पूर्ण शुद्धीवर आल्याशिवाय खाणं नको. सोडायचं तिथेच, जिथे पकडलं. नव्या जागी सोडलेलं मांजर जुन्या जागेकडे निघतं आणि वाटेत हरवतं.

कानशेंडा

जाळीदार यांच्या मजकुरात दोन गोष्टी जोडते. रात्रभर उपाशी ठेवणं मोठ्या मांजरासाठी. लहान पिल्लांना दोन ते चार तासांपेक्षा जास्त उपाशी ठेवलं तर रक्तातली साखर घसरते. पिल्लांसाठी वेळ डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

दुसरं, सापळ्यात मांजरी आली की आधी पोट बघा. सडांभोवतीचे केस गेलेले आणि सड ओढलेले दिसले तर पिल्लं कुठेतरी वाट बघत आहेत. तिची शस्त्रक्रिया होऊ शकते, पण डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. मग तिला ४८ तास न ठेवता, पूर्ण सावध झाली की लवकरात लवकर सोडावं लागतं.

कानाची खूण म्हणजे भूल असतानाच एका कानाचा शेंडा सरळ रेषेत कापलेला असतो, मोठ्या मांजरात जवळजवळ एक सेंटिमीटर. भांडणात फाटलेला कान वेडावाकडा असतो. लांबून हा फरक ओळखता आला की तेच मांजर पुन्हा पकडून पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाणं टळतं.

औषधांबाबत कळकळीने सांगते: पॅरासिटामॉल मांजराला देऊ नका, छोटा तुकडाही जीव घेतो. कुत्र्यांसाठीचं परमेथ्रिन असलेलं गोचिडांचं औषध मांजरावर टाकू नका. आणि बोका वारंवार लघवीला बसतोय, कण्हतोय, पण थेंबही पडत नाही असं दिसलं तर मूत्रमार्ग तुंबलेला असतो. उद्यावर ढकलायचं हे दुखणं नाही. हातातलं प्रकरण कितीही महत्त्वाचं असलं तरी उठा.

सावकाश

पिल्लं माणसाळवणं आणि खर्डा तपासणं ही दोन्ही कामं एकाच बैठकीत होतात. यासारखा वेळेचा उपयोग दुसरा नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पिल्लाला माणसाची सवय लागण्याचा उत्तम काळ वयाच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंत. त्यानंतरही जमतं, पण आठवड्यागणिक कठीण होत जातं. अशी पिल्लं छोट्या खोलीत ठेवा. मोठ्या खोलीत ती कपाटामागे जाऊन बसतात आणि सवय लागत नाही. लपायला एक खोकं द्या, पण असं की त्यात हात पोचेल. मग जमिनीवर बसा, पिल्लांकडे तोंड न करता जरा कडेला वळून, आणि आपला खर्डा हळू, सपाट आवाजात मोठ्याने वाचा. एका वेळी वीस मिनिटं ते अर्धा तास, दिवसातून तीन-चार वेळा. ताटली आधी हाताभर अंतरावर, मग गुडघ्याशी, मग मांडीवर. बोटावर मऊ खाणं घेऊन चाटवणं त्यानंतर. बाहेर आलेलं पिल्लू पुन्हा खोक्यात गेलं तर ताटली एक पायरी मागे न्यायची.

वाचताना जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य लांबलंय. तिथे पेन्सिलीची रेघ मारायची आणि पुढे वाचायचं, थांबून दुरुस्त करायचं नाही. थांबलं की आवाज तुटतो आणि पिल्लं दचकतात. संवादात मात्र आवाज चढवू नका. मान वर केलीच तर रोखून बघू नका, डोळे अर्धे मिटून सावकाश उघडा. ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं की माणसाने सावकाश डोळे मिचकावले तर मांजरंही तसंच करतात आणि जवळ यायला जास्त तयार होतात.

लुकलुक

सावकाश, हे फार उपयोगी. मात्र पिल्लं आईविना आणि चार आठवड्यांच्या आतली असतील तर वाचन वगैरे विसरा. थंड पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्या, मग दूध. थंड अंगात दूध पचत नाही. मांजराच्या पिल्लांसाठीचं तयार दूध कोमट करून, पोट खाली आणि डोकं किंचित वर धरून पाजायचं. पाठीवर झोपवून पाजलं तर दूध फुप्फुसात जातं. एका वेळी वजनाच्या दर १०० ग्रॅमला ४ मिलीपेक्षा जास्त नाही. पहिल्या आठवड्यांत दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. दर वेळी ओल्या कापसाने पुसून शी-शू करवायची. रोज वजन करा, दिवसाला साधारण १० ग्रॅम तरी वाढायला हवं.

या काळात सुचत नाही याचं कारण झोप. त्याला प्रतिभा आटणं समजू नये. शक्य असेल तर रात्र दुसऱ्या कुणाबरोबर वाटून घ्या आणि सलग चार तास झोपा. मनात येईल ते फोनवर बोलून ठेवा, उतरवून घ्यायचं काम पिल्लं स्वतः खायला लागल्यावर.

उनाडशाई

मांजरं आता कथेतही येणारच, तर ती खरी यावीत. मोठी मांजरं एकमेकांशी बोलायला ‘म्यांव’ फारसं वापरत नाहीत. तो आवाज मुख्यतः माणसासाठी आणि पिल्लांनी आईसाठी काढलेला. भटक्या मांजरांच्या रात्रीच्या प्रसंगात गुरगुर, फिस्कार, माजाच्या वेळचं लांब ओरडणं येईल, आणि खूपशी शांतता. तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादी असते, कारण केशरी आणि काळ्या रंगाचा खेळ एक्स गुणसूत्रावर ठरतो. तिरंगी बोका लिहिला की जाणकार वाचक तिथेच अडतो. केशरी मांजरांत पाचातले सुमारे चार बोके. पिल्लांचे डोळे दुसऱ्या आठवड्यापर्यंत उघडतात, सुरुवातीला निळेच असतात, पक्का रंग नंतर येतो. पिल्लाचं वय सांगायचं नसेल तेव्हा डोळ्यांचा रंग सांगा.

एक महत्त्वाचं: छापायला किंवा इतरांना वाचायला देताना जागा ओळखू येईल असं काही ठेवू नका. कुठे खाणं मिळतं हे कळलं की लोक नको असलेली पिल्लं तिथे आणून सोडतात, आणि मांजरांचा राग असणाऱ्यांनाही पत्ता मिळतो. गल्ली, दुकानाची पाटी, ओळखीचं झाड बदला. फोटोबरोबर जाणारी ठिकाणाची माहिती काढून टाका.

पहाटवही

हाताचं राहिलं. मांजराचा चावा बारीक दिसतो, पण सुळा खोल जातो आणि जंतू आतच राहतात. बोटाच्या सांध्याजवळ किंवा मनगटाला असेल तर काही तासांत सूज चढते. वाहत्या पाण्याखाली साबणाने सलग १५ मिनिटं धुवा, पट्टी घट्ट बांधू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. भटक्या मांजराच्या चाव्यात रेबीज आणि धनुर्वाताच्या लसीचा निर्णय त्यांच्यावर सोपवा. मांजर बरं दिसतंय म्हणून टाळू नका. पिंजऱ्यातल्या मांजराला हातमोजे घालूनही उचलायचं नाही. वरून चादर, दार दाराला लावून दुसऱ्या पिंजऱ्यात सरकवणं, हेच बरोबर.

अर्धविराम

मांजर गेलं की लिखाण थांबतं, त्याबद्दल कुणी लिहिलं नाही. हजेरीच्या वहीतलं त्याचं पान त्याच दिवशी पूर्ण करावं: शेवटचं कधी खाल्लं, कुठे दिसलं, काय लक्षणं होती. उलट्या, हगवण आणि अचानक मलूल होणं असेल तर इतर मांजरांसाठी ही माहिती लगेच लागते. पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या साथीच्या आजाराचा विषाणू जागेवर वर्षभरही टिकतो. भांडी आणि फरशी आधी धुऊन, मग एक भाग ब्लीच ३२ भाग पाण्यात मिसळून दहा मिनिटं ओली ठेवायची, आणि लस न घेतलेलं पिल्लू त्या जागी आणायचं नाही. गेलेल्या मांजरावर कथा किंवा कविता लगेच लिहायचा आग्रह धरू नये. नोंद असली की तपशील पुसट होत नाहीत, लिहिता येईल तेव्हा ते तिथेच असतात. खाणं घालायचे वार मात्र दोघा-तिघांत वाटलेले हवेत, म्हणजे अशा आठवड्यात दोन दिवस तरी त्या जागी जावं लागत नाही.

चौकटीबाहेर

सापळ्याला सरावलेली, एकदा अडकून सुटलेली मांजरी आत पाऊलच टाकत नसेल तर?

जाळीदार

सापळ्याचं दार वर तारेने पक्कं बांधून टाका, पट्टी दाबली तरी पडता कामा नये. रोजचं खाणं त्याच्यातच द्या, आधी दाराशी, मग रोज थोडं आत. ती सगळा वेळ मागच्या टोकाला निवांत खाऊ लागली, की सलग दोन-तीन दिवस तसंच चालू द्या आणि मगच तार सोडा. तरीही नाही जमलं तर काठीने उचलून धरलेला, दोरीने पाडायचा मोठा सापळा वापरा. दोरी ओढायची ती तिची मान ताटलीत असताना, आणि तिच्याबरोबर पिल्लं असतील तर ती काठाशी नाहीत हे बघूनच.