कालवा आला की छोट्या शेतकऱ्याचं नक्की काय होतं?

प्रश्न: कोरडवाहू भागात सरकारी कालवा आला की घरच्या शेतीला खरंच फायदा होतो का?

उत्तर १: होतो ना, दुसरं पीक निघतं, मजुरीला बाहेर जाणं कमी होतं. पण शेत कालव्याच्या मुखाशी आहे का टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, यावर सगळं, वरचे जास्त पाण्याची पिकं घेतात आणि खाली पाणी पोचतच नाही

उत्तर २: निचऱ्याकडे कोणी बघत नाही हे मला जास्त खटकतं. राजस्थानातल्या इंदिरा गांधी कालव्याचं काम 1958 ला सुरू झालं, वाळवंटात शेती उभी राहिली, पण जिथे खाली कठीण थर होता तिथे पाणी साचून जमिनी चिबड झाल्या, खारवल्या. ज्याच्याकडे तेवढाच तुकडा आहे त्याने काय करायचं?

उत्तर ३: पाण्याची पाळी टेलकडून सुरू करा, पाणी मोजून द्या