मदत हवी आहे: कुमारी मातेवरची आणखी एखादी मालिका सुचवा

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दिवसभर पडून असते. म्हणून २०१९ ची कोरियन 'व्हेन द कॅमेलिया ब्लूम्स' लावली. ओंगसानमध्ये बार चालवणारी, लग्नाशिवाय पोर वाढवणारी डोंगबेक, तिचा बेसबॉलवेडा मुलगा पिल-गू आणि तिच्याकडे वाकड्या नजरेने बघणाऱ्या, खेकड्याची खानावळ चालवणाऱ्या बायका! योंग-सिक पोलीस आला की आई म्हणते, "हा भोळा आहे गं, पण मनाने चांगला." खुनाचा धागा मला ओढूनताणून आणल्यासारखा वाटला, तिला मात्र तोच आवडला.

सबटायटल्स मी मोठ्याने वाचून दाखवत होते, घसा पार बसला. आता अशाच विषयावरचं, पण हिंदी किंवा मराठीत डब केलेलं काही आहे का? फार रडारड नको. शेवटी बाईचं लग्न लावून मोकळं होणारंही नको.