मदत हवी आहे: मंडीत (हिमाचल) दोन दिवस, आईचे गुडघे आणि पंचवक्त्र मंदिर

मंडळी, जरा मदत करा. मुलगा आयआयटी मंडीला दुसऱ्या वर्षाला आहे, त्याला भेटायला जायचंय आणि या वेळी आई (वय ७४) पण येते म्हणतेय. आम्ही मागच्या वेळी गेलो तेव्हा सरळ कमांदच्या कॅम्पसवर गेलो, एक रात्र राहिलो आणि तिथून मनाली. मंडी गाव म्हणजे गाडी थांबवून चहा प्यायलो तेवढंच. आणि आता आईला मनाली नकोय, तिला मंडीच बघायचीय!

कारण असं की २०२३ च्या जुलैत बियासला पूर आला होता तेव्हाचा व्हिडिओ तिला कोणीतरी पाठवला, चारी बाजूंनी चॉकलेटी पाणी, शेजारचा लोखंडी पूल वाहून गेलेला आणि मधे ते दगडी देऊळ उभं. पंचवक्त्र महादेव. तिने तो व्हिडिओ अजून डिलीट केलेला नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते आणि म्हणते केदारनाथ काय आता या गुडघ्यांनी व्हायचं नाही, पण इथे तरी न्या मला.

मुलाला विचारलं तर म्हणे, आई तिथे खाली खड्ड्यात मार्केट आहे, मधे घंटाघर आहे आणि मोमो बरे मिळतात. देवळांचं विचारलं तर "असतील की". दीड वर्ष झालं तिथे राहून, कॅम्पसपासून गाव पंधराएक किलोमीटर, काय बोलणार.

तर प्रश्न असे. दिवाळीनंतर लगेच जावं की शिवरात्रीला? आईला शिवरात्रच हवीय. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दुसरा तसाच, दहा-बारा पायऱ्या हळूहळू चढते, त्यापुढे नाही. तर कुठली देवळं जमतील? आणि तिथे म्हणे ८१ देवळं आहेत, हे खरं का? आमच्या ट्रॅव्हलवाल्याने "मंडीत काही नाही मॅडम" म्हणून प्लॅनमधून उडवूनच टाकलं.

प्रतिसाद १
ताई, ट्रॅव्हलवाल्याचं ऐकू नका. मी तीन वर्षं होतो तिकडे. ८१ चा आकडा तिथले लोक अभिमानाने सांगतात, काशीत ८० आणि आमच्याकडे एक जास्त, म्हणून छोटी काशी. मोजायला कोण बसलंय. पण दगडी शिखरांची जुनी देवळं गल्ल्यागल्ल्यांत आहेत हे खरं, किराणा दुकान, मोबाइल रिपेअरिंग आणि मधेच चारशे-पाचशे वर्षांचं देऊळ.

आईंना भूतनाथला पहिल्यांदा न्या. भर बाजारात आहे, चढ नाही. राजा अजबर सेनने १५२७ मध्ये बांधलं, गावही तेव्हाच वसवलं. गाय एका दगडावर रोज पान्हा सोडायची ती नेहमीची कथा इथेही आहे. समखेतर बाजारात अर्धनारीश्वर आहे, तिथे फार कोणी जात नाही, मला सगळ्यात तेच आवडतं. त्रिलोकीनाथ नदीपलीकडे पुरानी मंडीत, अजबर सेनच्या राणीने बांधलेलं, आणि तिथून समोर खाली बघितलं की बियास आणि सुकेतीचा संगम आणि त्यावर तुमचं पंचवक्त्र. म्हणजे जवळ जायला जमलं नाही तरी लांबून छान दिसतं. पण जमेल हो. देऊळ उंच जोत्यावर आहे, पायऱ्या सावकाश चढायच्या. आत मूर्तीची पाचही तोंडं एकदम दिसत नाहीत, आईंना आधीच सांगून ठेवा नाहीतर शोधत बसतील.

प्रतिसाद २
शिवरात्रीला आईंना घेऊन अजिबात जाऊ नका असं माझं स्पष्ट मत. आम्ही गेलो होतो. आठवडाभर जत्रा, गावागावांतून दोनशेच्या वर देव पालख्यांतून येतात, ढोल, करनाळं (लांब कर्णे), हॉटेलं फुल, धड उभं राहायला जागा नाही. बघण्यासारखं आहेच, पण तरण्या पायांनी.

एक गंमत मात्र सांगतो. मिरवणुकीत मान माधोरायाचा. राजा सूरज सेनचे अठरा मुलगे गेले, वारस उरला नाही, तेव्हा त्याने १६४८ मध्ये विष्णूची चांदीची मूर्ती घडवून राज्यच तिच्या नावावर केलं. त्यानंतरचे राजे म्हणजे नुसते कारभारी! आणि सगळ्यात मोठा देव कमरुनाग, तो जत्रेत येतच नाही, टारना टेकडीवरच्या देवळात आठवडाभर बसून राहतो आणि बाकीचे देव त्याला भेटायला वर जातात.

मी (धागाकर्ती)
दोघांचेही खूप आभार. आईला माधोराय वाचून दाखवलं तर म्हणाली म्हणजे आपले माधवराव का गं? मी म्हटलं नाही, इथे उलटं आहे, देव राजा आणि राजा पेशवा.

शिवरात्र कॅन्सल, पण ती थोडी हिरमुसलीय. भूतनाथच्या पिंडीला लोण्याचा लेप देऊन रोज वेगळं रूप करतात असं तिने कुठेतरी ऐकलंय. ते कधी असतं?

प्रतिसाद १
ते शिवरात्रीच्या आधी महिनाभर चालतं, तारा रात्रीपासून. म्हणजे जत्रेच्या पंधरा दिवस आधी गेलात तर लोणी दिसेल आणि गर्दी नसेल. थंडी असते पण मंडी जेमतेम आठशे मीटरवर आहे, मनालीसारखी नाही. पावसाळ्यात मात्र जाऊ नका, पंडोहच्या बाजूला दरडी येतात. चंडीगडहून रस्ता आता चांगला झालाय, किरतपूर ते नेरचौक फोरलेन, बोगदे आहेत, तरी आई आहेत तर थांबत थांबत पाच-सहा तास धरा.

दुसऱ्या दिवशी रिवालसर करा, २५ किलोमीटर. तळ्याकाठी हिंदू, बौद्ध आणि शीख तिघांचीही ठिकाणं आहेत, फिरायला सपाट वाट आहे आणि वर बौद्ध गुरू पद्मसंभवांची प्रचंड मूर्ती, ती खालूनही दिसते.

प्रतिसाद ३
सेपू बडी खाल्ल्याशिवाय येऊ नका. उडदाच्या डाळीची बडी, उकडून तळतात आणि रश्शात सोडतात. धाम (तिकडचं सणासमारंभाचं जेवण) मिळाली तर उत्तमच, पंगतीत खाली बसून पत्रावळीवर, आणि गोड बुंदी पहिल्यांदा वाढतात, शेवटी नाही.

मी (धागाकर्ती)
आई कांदा-लसूण खात नाही, धाममध्ये घालतात का? आणि खाली बसणं तिला शक्य नाही, खुर्ची मागितली तर चालते का? टारनाला गाडी वरपर्यंत जाते असं वाचलं, पण उतरल्यावर पुढे किती पायऱ्या आहेत हे कोणी प्लीज सांगेल का. तिला त्या न येणाऱ्या देवाची जागा बघायचीय आता.