रात्री दोनला शटर उघडतो, म्हणून डॉक्टर चांगला?

बोरीकाठ
परवा इथे एकाने लिहिलं, 'तालुक्याच्या गावात चांगला डॉक्टर ओळखायची एकच खूण. रात्री दोनला शटर वाजवलं की उघडतो. बाकी डिग्र्या जळगावच्या पाट्यांवर शोभतात.' खाली वा वा करायला अर्धा जिल्हा. मला ते पटलं नाही, म्हणून वेगळं लिहितोय.

रात्री उठणारा माणूस भला असतो, वाद नाही. पण उठून करतो काय? कमरेत एक सुई, सलाईनची एक बाटली आणि कागदाच्या पुडीत तीन रंगांच्या गोळ्या. नाव विचारलं तर 'तुम्हाला काय करायचंय नावाशी'. आमच्या शेजारच्या पोराला ताप आला, अंग ठणकत होतं, तर लगेच डायक्लोफेनॅक टोचलं. निघाला डेंग्यू. डेंग्यूत पॅरासिटामॉल सोडून असली वेदनाशामकं द्यायची नसतात, रक्तस्राव वाढतो, हे आता आशाताईसुद्धा दारोदार सांगते. हिरड्यांतून रक्त आल्यावर याने जळगावला पाठवलं. चिठ्ठी नाही, काय दिलं त्याचा पत्ता नाही. तिथले डॉक्टर विचारतात, आधी काय दिलं होतं? बाप म्हणतो, पांढरी आणि गुलाबी.

मी दवाखाना जोखतो तो एवढ्यावर: पोटाला हात लावून बघतो का, औषधाचं नाव वाचता येईल असं लिहून देतो का, आणि 'हे माझ्या हातचं नाही, धुळ्याला न्या' हे पहिल्या दिवशी म्हणतो की सहाव्या. शटरचं नंतर बघू.

केळीबाग_रावेर
साहेब, हे सगळं पोट भरल्यावर सुचतं. घड वाहणारा मजूर सकाळी ताप घेऊन तुमच्या एमडीकडे गेला तर आधी रक्त, मग लघवी, मग 'रिपोर्ट घेऊन संध्याकाळी या'. दिवसाची मजुरी गेली, भाडं गेलं, लॅबचे गेले आणि ताप आहे तसाच. आमच्या गावातला बघून देतो, पैसे कापूस विकल्यावर घेतो. कापूस घरातच पडून राहिला तर पुढच्या वर्षी घेतो. जळगावच्या कुठल्या काउंटरवर ही सोय आहे ते सांगा, उद्याच जातो.

बोरीकाठ
उधारी हा सावकाराचा गुण झाला. डॉक्टरचा कसा?

केळीबाग_रावेर
ज्याच्यावर उधारी मागायची वेळ आलेली नाही त्याला तो गुण दिसत नाही.

अमळनेरची सून
मला दोन्हीकडचं थोडं थोडं पटतं, पण एक कोणीच बोलत नाहीये. एमआर, म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी! सकाळपासून नंबर लावून बसा, लेकरू मांडीवर फणफणलेलं, आणि बॅगवाले तीन टायवाले हसत हसत आत. कंपाउंडर म्हणतो, 'दोनच मिनिटं ताई.' ज्या दवाखान्यात एमआरला वेगळी वेळ आहे तो चांगला, माझी परीक्षा इथेच संपते. आणि फोनवर नंबर लावायची पद्धत तर बंदच करा. गावातले ओळखीचे आदल्या रात्रीच नंबर लावतात आणि पाड्यावरून पहिल्या गाडीने आलेली बाई शेवटी.

जुना_कंपाउंडर
ताई, एमआर आत सोडला नाही तर शिव्या आम्ही खायच्या, सोडला तरी आम्हीच खायच्या. पगार विचारू नका. बाकी ती बाटली डॉक्टर नाही लावत, पेशंट लावायला लावतो. 'दोन बाटल्या चढवा, ताकद येऊ द्या,' असं म्हणून स्वतःच खाटेवर आडवे होतात. नाही म्हटलं की समोरच्या दवाखान्यात. तिथे बाटली तयारच असते.

गणिताचे_मास्तर
ताकद? पाच टक्के ग्लुकोजच्या ५०० मिलीच्या बाटलीत साखर २५ ग्रॅम. म्हणजे शंभरच्या आतबाहेर कॅलरी. तेवढ्या एका केळ्यात मिळतात, आणि रावेरात ते कोणी फुकटही देईल. नुसत्या मिठाच्या बाटलीत तर साडेचार ग्रॅम मीठ आणि पाणी, बस. खेड्यापाड्यांत बाटलीच्या नावाने जेवढा पैसा गेला तेवढ्यात प्रत्येक गावाला पाण्याची टाकी झाली असती.

केळीबाग_रावेर
मास्तर, मे महिन्यात या रावेरला. पारा ४५ च्या वर. बागेत माणूस पडला की केळं खाऊ घालू का त्याला? आमच्या गड्याला ऊन लागलं, ओकाऱ्या सुरू, डोळे फिरवले. त्याच पुडीवाल्या डॉक्टरने बाटली लावली म्हणून जगला. तुमचं गणित फळ्यावर ठेवा.

गणिताचे_मास्तर
ओकाऱ्या होत असतील, शुद्ध हरपत असेल तर बाटली हवीच, त्याला कोण नाही म्हणतंय? आणि ऊन डोक्यात गेलेल्याला आधी सावलीत नेऊन ओल्या फडक्याने अंग गार करायचं असतं, नुसत्या बाटलीने भागत नाही. ज्याला पाणी पिता येतं त्याला एक लिटर पाण्यात ओआरएसची पुडी पुरते. चालत आलेला माणूस, चहा पिऊन आलेला, तोही आडवा होतो. मी त्याच्याबद्दल बोलतोय.

अमळनेरची सून
बाटली परवडली, सुईचं बोला. माझ्या मावससासूला तापात कमरेखाली सुई दिली, भलत्याच जागी. शीर दुखावली, पाऊल लोंबकळायला लागलं. आज चपला घसरत चालतात. डॉक्टर काय म्हणाले माहितीय? 'आजी, वाताचा त्रास आहे.' आणि आमचे लोक त्याच डॉक्टरला दिवाळीला फराळ पाठवतात, का तर माणूस गोड आहे, हाक मारली की येतो!

बोरीकाठ
बघा. गोडवा आणि हाकेला येणं, एवढ्यावर सगळं माफ. मी दुसरं काय म्हणत होतो?

शहादेकर
आणि 'डेक्सा' विसरू नका. स्टेरॉइड टोचलं की ताप उतरतो, सांधे मोकळे होतात, पेशंट म्हणतो काय हातगुण आहे! आमच्या आबांची साखर असल्या हातगुणाने चारशेच्या वर गेली.

गल्लीतला_बीएएमएस
बराच वेळ वाचतोय. मी तोच, शटरवाला, आयुर्वेदाची बीएएमएस डिग्री असलेला. महाराष्ट्रात आम्हाला अॅलोपॅथीची औषधं लिहायची मुभा कायद्याने आहे, त्यामुळे 'बोगस' म्हणायच्या आधी पाटीवरचा रजिस्ट्रेशन नंबर बघा. पाटीवर आणि चिठ्ठीवर तो हवाच, आणि तो कौन्सिलकडे तपासता येतो. ज्याच्या पाटीवर नाही त्याच्याकडे जाऊ नका, मीही सांगतो.

सुईबद्दल. नवीन दवाखाना उघडला तेव्हा ठरवलं होतं, गरजेशिवाय टोचणार नाही. खुर्च्या रिकाम्या. म्हातारे म्हणायचे, 'नवीन डॉक्टरला सुई देता येत नाही वाटतं.' भाडं द्यायचं होतं. आता देतो. सगळ्यांना नाही, पण देतो. माझ्यावर फेकायचे तेवढे दगड फेका, फक्त फेकणाऱ्याने आपल्या घरात मागच्या तापाला कोणी सुई मागितली होती ते आठवावं.

बोरीकाठ
म्हणजे पेशंट मागतो म्हणून विष द्यायचं?

गल्लीतला_बीएएमएस
विष म्हणायला जीभ लवकर वळते. तुम्ही राहता कुठे सध्या? पुण्यात ना?

बोरीकाठ
मी कुठे राहतो याचा काय संबंध? माझे आईवडील तिथेच आहेत आणि त्याच गोळ्या खातात.

गल्लीतला_बीएएमएस
संबंध एवढाच, की रात्री त्यांच्यासाठी फोन तुम्ही पुण्याहून करता आणि उचलतो माझ्यासारखा कोणीतरी.

केळीबाग_रावेर
😂 घ्या.

मेडिकलवाला_चोपडा
भांडा, पण माझ्या दुकानासमोर नको. चिठ्ठ्यांबद्दल बोरीकाठ बरोबर आहे. अर्ध्या चिठ्ठ्या आम्ही अंदाजाने वाचतो. ज्यांच्या खाटा आहेत त्यांना २०२१ च्या नियमांनुसार दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे. किती ठिकाणी लावली आहे ते तुम्हीच बघा. माझ्या ओळखीच्या एकाने लावली आहे, कॅलेंडरच्या मागे.

शहादेकर
भरती पेशंटने कागद मागितले तर ७२ तासांत द्यायचे, हा नियम २००२ पासून आहे. मागून बघा एकदा. 'तुम्ही केस करणार आहात का?' हाच पहिला प्रश्न.

गणिताचे_मास्तर
मुळात खाजगीकडे जायचंच कशाला? आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसकट सगळं मोफत आहे. १०८ आहे. जळगावला २०१८ पासून, नंदुरबारला २०२० पासून मेडिकल कॉलेज, धुळ्याचं तर जुनंच.

धडगावचा_पावरा
मास्तर, तुमना यादीमा बठ्ठं शे, पन तठे डॉक्टर ऱ्हास का? म्हणजे यादीत सगळं आहे, पण तिथे डॉक्टर राहतात का? हे आमच्या धुळ्याच्या दाजींचं बोलणं, त्यांच्याच अहिराणीत लिहिलं. आता माझं ऐका. पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड आली की तळोद्याकडचा रस्ता बंद. १०८ खाली थांबते, पेशंट वर. त्या वेळी बाळंतीण झोळीत घालून उतरवतात. आमच्या पोरांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, पोटात-हाडांत कळा येतात, आणि गावातला हंगामी डॉक्टर त्याला गॅस म्हणून गोळी देतो. मला रात्री दोनला शटर उघडणारा पण पाहिजे आणि सिकलसेल ओळखणारा पण पाहिजे. तुम्ही दोघं एकेक अर्धा डॉक्टर वाटून घेताय.

केळीबाग_रावेर
हे मात्र खरं.

बोरीकाठ
ठीक आहे. ओळखणारा गावात राहत नाही आणि राहणारा ओळखत नाही, यात राहणाऱ्याची एकट्याची चूक नाही, एवढं लिहून देतो. पण बीएएमएस साहेब, चिठ्ठी लिहायला भाडं आडवं येत नाही. पुडीवर गोळीचं नाव टाका. तेवढं तर फुकट आहे.

गल्लीतला_बीएएमएस
नाव टाकलं की लोक पुढच्या वेळी तेच नाव घेऊन थेट मेडिकलला जातात. चोपड्याच्या भावाला विचारा.

मेडिकलवाला_चोपडा
मला मध्ये घेऊ नका.

गल्लीतला_बीएएमएस
टाकीन. सगळ्यांच्या नाही, तुमच्या आईवडिलांच्या पुडीवर टाकीन. पुण्याला फोटो पाठवायला सोपं जाईल.

अमळनेरची सून
आणि एमआरचं?