हारामाची टेकडी: स्वयंसेवक की प्यादी?

टिपणवही:
परवा एका स्नेह्यांशी जुंपली. त्यांचं म्हणणं, स्पेनच्या यादवीत (१९३६-३९) जनरल फ्रँकोच्या बंडाविरुद्ध, प्रजासत्ताक सरकारच्या बाजूने, बाहेरून लढायला गेलेले सगळे मॉस्कोची प्यादी. मला अजिबात पटलं नाही, म्हणून इथे मांडतोय. त्यांच्यातल्या ब्रिटिश बटालियनचंच घ्या. कागदोपत्री तिचं नाव सकलातवाला बटालियन, आपल्या मुंबईत जन्मलेले ब्रिटनमधले कम्युनिस्ट नेते शापुरजी सकलातवाला यांच्यावरून. खाणकामगार, गोदीवाले, बेकार पोरं, आणि चवीपुरते कवी. जानेवारी १९३७ मध्ये ब्रिटिश सरकारने १८७० चा जुना कायदा उकरून काढला आणि लढायला जाणं गुन्हा ठरवलं. तरी लोक पॅरिसचं शनिवार-रविवारचं तिकीट काढून (त्याला पासपोर्ट लागत नसे) निघायचे, पुढे रात्रीच्या अंधारात पिरेनीज चढायचे. असे सुमारे अडीच हजार गेले, पाचशेहून जास्त परतले नाहीत. १२ फेब्रुवारी १९३७ ला माद्रिद-व्हॅलेन्सिया रस्ता राखायला माद्रिदजवळच्या हारामा नदीच्या खोऱ्यात सहाशेच्या आसपास उतरले. संध्याकाळी जेमतेम सव्वादोनशे उभे होते. प्यादं असं स्वतःहून पटावर येतं का?

रात्रपाळी:
येतं की! पट कोणाचा हे त्याला ठाऊक नसतं, एवढंच. त्या दिवशी मशीनगनच्या पट्ट्यांत भलतीच काडतुसं निघाली, हे लिहायचं राहिलं वाटतं. काहींनी तर आघाडीवर जायच्या तोंडावर बंदूक जेमतेम हाताळलेली. दुसऱ्या दिवशी कमांडर विंट्रिंगहॅम जखमी, मशीनगन कंपनीतले बरेच जण फ्रँकोच्या हाती. शौर्याबद्दल वाद नाही. पण भरती कॉमिन्टर्नची (मॉस्कोतून चालणारी कम्युनिस्ट आंतरराष्ट्रीय संघटना), स्पेनमधल्या अल्बासेतेच्या तळावर फ्रेंच कम्युनिस्ट आंद्रे मार्तीचा धाक, आल्या आल्या पासपोर्ट काढून घेतलेले. घरी जातो म्हटलं तर सोय नाही, पळालात तर कोठडी. आपल्या मर्जीने आलेल्याला आपल्या मर्जीने जाता येत नसेल, तर त्याला स्वयंसेवक कसं म्हणायचं?

कोकणकडा:
'स्वयंसेवक' म्हणालात आणि नागपूरच आठवलं. गोपाळ मुकुंद हुद्दार. १९२९ मध्ये संघाचे पहिले सरकार्यवाह. पुढे विलायतेत गेले आणि तिथून 'जॉन स्मिथ' नाव घेऊन थेट स्पेनला! एप्रिल १९३८ मध्ये गांदेसाजवळ पकडले गेले, मग बुर्गोसजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्या मठातल्या कैदी छावणीत महिने काढले. परत आल्यावर कम्युनिस्ट पक्षात. रात्रपाळी, ह्या माणसाला कोणत्या पटावर बसवता?

(संघ-डावे दंगल इथे नको, दुसरे धागे आहेत त्यासाठी.)

रात्रपाळी:
हुद्दारांना दंडवत. पण एका हुद्दारावरून अख्ख्या बटालियनचा निकाल लावू नका.

आजोबांचा चष्मा:
दोघेही अर्ध्यावर थांबलात. ब्रिटन-फ्रान्सने 'हस्तक्षेप नको' म्हणत समिती काढली. त्या समितीत हिटलर-मुसोलिनीचे प्रतिनिधीही गंभीर चेहऱ्याने बसायचे, आणि तिकडे जर्मन विमानं स्पेनमधल्या गेर्निका गावावर बॉम्ब टाकायची. इटलीने हजारोंनी सैनिक पाठवले. प्रजासत्ताकाला लोकशाही देशांनी उघडपणे बंदुका विकल्या असत्या, तर स्टालिनच्या दारात जायची वेळ आली असती का? मॉस्कोचा पट म्हणता, तो पसरायला जागा लंडन-पॅरिसनेच करून दिली. सप्टेंबर १९३८ मध्ये प्रजासत्ताकाचे पंतप्रधान नेग्रीन यांनी जिनिव्हात परदेशी स्वयंसेवक परत पाठवतो म्हणून जाहीर केलं, तेव्हाही भाबडी आशा हीच, की समोरचेही आपले सैनिक काढून घेतील. २८ ऑक्टोबरला बार्सिलोनात फुलं उधळून निरोप. समोरचे पुरते हलले नाहीतच.

टिपणवही:
चष्मेवाल्यांशी सहमत. शिवाय ती सहाशे माणसं त्या टेकडीवर नसती, तर तो रस्ता त्याच दिवशी गेला असता असं मला वाटतं. तीन दिवसांनी रस्ता शाबूत होता.

रात्रपाळी:
रस्ता वाचला, मान्य. समितीचं ढोंगही मान्य. पासपोर्टचं मात्र अजून कोणी बोललं नाही.